टेबल कामावर आहे

आईनं टेबलावर हात ठेवला आणि उचलला. झालं एवढंच. सकाळचे पावणेआठ वाजले होते, चहा गाळायचा राहिला होता, आणि मी ओट्यापाशी गाळणं हातात धरून तिच्याकडे चोरून बघत होते. चटका बसल्यासारखा तिनं हात ओढला असता तर मला समजलं असतं. तिला काहीच जाणवलं नसतं तरी समजलं असतं. तारेत कुठेतरी खोट आहे म्हणून मी पुन्हा टेबलाखाली शिरले असते. पण तिनं तो सावकाश उचलला. ओळखीचं समजून कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा आणि वळून बघणारा माणूस भलताच निघावा, तसा. मग तो हात मांडीवर घेऊन तिनं दुसऱ्या हातानं झाकला आणि मला विचारलं, "हे कोण आहे?"

आईला ऐकू येत नाही. मी तीन वर्षांची असताना तिला ताप आला, बारा दिवस राहिला, आणि जाताना कान घेऊन गेला. बोलणं तेवढं राहिलं. पण स्वतःचा आवाज स्वतःला कळत नसल्यामुळे ती कधी कुजबुजते, तर कधी असं बोलते की शेजारची दारं उघडतात. "हे कोण आहे" हे ती दारं उघडणाऱ्या आवाजात बोलली. मी तिच्या समोर गेले, ओठ नीट दिसतील असं तोंड धरलं आणि म्हणाले, "बाबा." तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही," ती म्हणाली. "चहा दे."

मी चहा दिला. तिनं कप टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला. दोन महिने मी या टेबलाखाली पाठीवर झोपून काढले होते. डोळ्यांत भुसा, केसांत भुसा, आणि मनात एकच चित्र: आई हात ठेवते, बाबांची टकटक तिच्या तळव्यात येते, ती माझ्याकडे बघते. पुढचं चित्र मी कधी काढलंच नव्हतं. ती रडेल की हसेल हे मी तिच्यावर सोडलं होतं, एवढा माझा मोठेपणा. ती चहा मागेल असं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शनिवारी हे टेबल कलादालनात जायचं होतं, दालनाच्या मधोमध, वरून दिवा सोडून. त्याआधी ते तीन दिवस घरी आणलं होतं ते फक्त तिच्यासाठी. आता ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी बशी धूत होते, जी आधीच धुतलेली होती.

बाबा सुतार होते. आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. त्यांचं खरं नाव कागदावरच राहिलं. ते सांध्याला सरस लावत नसत आणि खिळा मारत नसत. खाच अशी कोरायची की जोडलेल्या लाकडानं आत शिरताना जरा कुरकुर करावी, मग एक बारीक पाचर ठोकायची, की संपलं. "चिकटवलेलं लाकूड मुकं होतं," ते म्हणायचे. फळी विकत घेतानाही ते तिच्याशी बोलल्याशिवाय घेत नसत: मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, पुन्हा टकटक. वखारवाला म्हणायचा, मिस्त्री, आत कुणी नाही राहत हो. बाबा म्हणायचे, तेच बघतोय, भाड्यानं दिलंय का. आईचे कान गेले त्या वर्षी एका पाडलेल्या गोदामाची तुळई त्यांनी उचलून आणली, तिच्या फळ्या काढल्या आणि हे टेबल केलं. दोन माणसांना सहजी उचलत नाही असं. ते कुठे ठेवायचं यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर दोन दिवस गुडघ्यांवर फिरून टकटक केली म्हणे. मग भिंतीपाशी, जिन्याच्या बाजूला, जराशी तिरकी अशी जागा ठरवली आणि जमिनीवर खडूनं चार फुल्या केल्या. टेबल हलवायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव कायदा. बाकी सगळ्याला चर्चा होती. दादा एकदा चेंडू काढायला ते रेटत होता तेव्हा बाबांनी त्याला जो आवाज दिला तो त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा वापरला नाही.

त्या टेबलावर आईबाबा बोलायचे. बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या, तिचा उजवा तळवा फळीवर पालथा. एक टकटक म्हणजे वाढ. दोन म्हणजे बघ इकडे. बोटानं लांब ओढलेली रेघ म्हणजे मी निघतो. एवढं आम्हा पोरांनाही येत होतं. पण त्याच्या पलीकडे बरंच होतं, आणि ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. विशेषतः एक. दोन झटपट, पुन्हा दोन झटपट, मग श्वास घेतल्याएवढी जागा, आणि शेवटी एक जड. टक टक, टक टक... ठप्प. हे बाबांनी वाजवलं की आई हसायची. मी समोर बसलेली असायची, भात चिवडत, किंवा पाढे म्हणत, किंवा नुसती कशावरून तरी रुसलेली. बाबा माझ्याकडे न बघता, पेपरात डोकं घालून, बोटानं ते वाजवायचे आणि आई तोंडावर पदर धरून हसायची. ते हसू बाबांकडे जायचं. मी मधे बसलेली असून माझ्या डोक्यावरून जायचं. मला त्याचा इतका राग यायचा की आजही सांगताना लाज वाटते. आपल्या आईबापांचं आपल्यावाचून काहीतरी आहे, ते आपल्या समोर आहे आणि तरी आपल्याला बंद आहे. मी एकदा, दहा-अकराची असेन, तिला विचारलं, "बाबा काय म्हणाले?" ती म्हणाली, "काही नाही, जेव." मोठी झाल्यावर मी स्वतःची समजूत घातली की ते नवराबायकोचं काही असणार, चारचौघांत न सांगण्यासारखं, आणि विचारणं सोडून दिलं. पण ताल राहिला. परीक्षेच्या हॉलमध्ये, नोकरीच्या मुलाखतीआधी बाकावर, इस्पितळात बाबांना आत नेलं तेव्हा त्या हिरव्या भिंतीच्या व्हरांड्यात, माझी बोटं ते आपोआप वाजवायची. न समजणारी गोष्ट माणूस किती वर्षं सांभाळतो!

मी वाद्यं दुरुस्त करते. म्हणजे विजेवर चालणारी; पट्टी दाबली तरी न बोलणारे कीबोर्ड, खरखरणारे स्पीकर, लहान पोरांनी आत दूध सांडलेले सिंथेसायझर. दुकान एका म्हाताऱ्या मालकाचं आहे, ते स्वतः एका कानानं बहिरे आणि दुसऱ्यानं फार तिखट आहेत. बाबा गेले, त्यांची शाळेमागची कामाची खोली रिकामी करावी लागली, तेव्हा न विकलेल्या चार वस्तू मी दुकानाच्या मागच्या भागात आणून टाकल्या: एक तिपाई, हातांची एक खुर्ची, पाच खणांचं एक कपाट, एक बाक. त्या तिपाईवर बसून मी डबा खायची. एक दिवस नाण्याएवढी एक चकती, जी चिकटवली की कुठल्याही वस्तूची थरथर पकडते, माझ्या हातून तिपाईखाली अडकून राहिली, आणि स्पीकर चालू होता. मी बसले. स्पीकरमधून लाकडाचा आतला आवाज आला. खोल, ओलसर, जरासा खाकरल्यासारखा. मी डबा उघडा टाकून तासभर त्या तिपाईवर नुसती डुलत होते, पुढे, मागे, डावीकडे. बाबा फळीला कान लावून जे ऐकायचे ते मला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं, आणि ते सांगायला बाबा नव्हते.

त्यानंतर मला वेडच लागलं म्हणा. तिपाई मी अशी केली की बसणारा जिकडे झुकेल तसा तिचा सूर चढतो-उतरतो. खुर्चीच्या हातांखाली तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. हात कुरवाळले की तार छेडल्यासारखा स्वर निघतो, आणि मनगट टेकून नुसतं बसलं तर एक बारीक गुणगुण राहते. कपाटाचा खण जितका बाहेर ओढाल तितका स्वर लांबतो; पाचही खण पाच माणसांनी ओढले तर जो कल्लोळ होतो त्याला मालक "संयुक्त कुटुंब" म्हणतात. एका कीबोर्डच्या दुरुस्तीसाठी आलेल्या बाईनं हे पाहिलं. ती एका कलादालनाचं काम बघते, आम्ही तिला दालनवाली म्हणतो. ती खुर्चीवर बसली आणि उठेचना. मग म्हणाली, "आणखी काय आहे त्यांचं?" आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "एक टेबल आहे."

खरं तर आईला मी विचारलं होतं. टेबल दोन महिने नेते, आत तारा घालते, त्यातून आवाज निघेल. ती म्हणाली होती, "मला काय करायचाय आवाज?" मी म्हणाले होते, तुला हाताला कळेल असंच करते. ती म्हणाली, "ने. तू काही वाईट करायची नाहीस." हे वाक्य मी तेव्हा परवानगी म्हणून ऐकलं. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती रोज त्या टेबलाशी बसायची, हात पालथा ठेवून, काही न करता, कधी अर्धा तास, कधी संध्याकाळभर. मला ते बघवत नसे. आता त्या टोकाकडून कोण वाजवणार आहे, असं मनात यायचं. म्हणून मी ठरवलं, मी वाजवीन. माझ्या हातानं नाही. माझ्या हाताला तो हक्क नाही असं मला वाटायचं. फळीखाली, तिच्या तळव्याच्या बरोबर खाली, मी कागदाचा पडदा नसलेला एक स्पीकर बसवला, जो आवाज करत नाही, नुसता ठोके देतो. तिनं हात ठेवला की टेबलानं ओळखायचं आणि बाबांचा तो ताल द्यायचा. टक टक, टक टक, ठप्प. लोकांसाठी वर स्वरही होते, फळीभर पसरलेले, पण मधला गाभा तो.

काम सोपं गेलं नाही. टेबल जरा कशाला लागलं की त्यातून घरघर यायची. दुकानातला फ्रिज, रस्त्यावरचे ट्रक, शेजारच्या दुकानातली यंत्रं, गिऱ्हाइकांची पावलं, सगळं पायांतून वर चढायचं आणि स्पीकरमध्ये गोळा व्हायचं. टेबल नव्हे, चव्हाटा होता. माझ्या धंद्यात याला एकच नाव आहे, कचरा, आणि तो काढायचा असतो. मी फळी आणि चौकटीच्या मधे नमद्याच्या, दाबून केलेल्या लोकरीच्या, पट्ट्या घातल्या. चारही पाय बोटभर कापले आणि खाली रबराच्या जाड टोप्या बसवल्या, धुण्याच्या यंत्राखाली असतात तशा. बाबांच्या पायांना करवत लावताना मी ती दोनदा खाली ठेवली, खोटं कशाला बोलू. पण नंतर जी शांतता आली! काळीभोर, स्वच्छ. त्या शांततेत एकेक ठोका असा पडायचा की मला रडू आलं. मालकांनी चांगला कान लावून ऐकलं, बराच वेळ. मग म्हणाले, "फार स्वच्छ आहे ग. इतकं, की कुणाच्या घरातलं वाटत नाही." मी ते कौतुक समजले.

त्या बुधवारी दुकानात माझ्याकडून एक धड काम झालं नाही. "हे कोण आहे." म्हणजे मी ताल चुकले होते. इतकी वर्षं जपलेला ताल, आणि तो भलताच होता? मी खुर्चीच्या हातावर तो वाजवून बघितला, शेवटची जागा जरा लांब, जरा आखूड. दुपारी दादाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि दुपारी फोन केला की आधी "आई बरी आहे ना" म्हणतो. मी त्याला फोनवरच खुर्चीच्या हातावर ठोकून दाखवलं. "हेच ना?" मी विचारलं.

"असेल," तो म्हणाला. "तू असलीस की वाजवायचे ते. मी असलो की वेगळं असायचं. घासल्यासारखं काहीतरी. सर्र, सर्र."

"तुझ्या वेळी वेगळं कशाला असेल?"

"आता ते मिस्त्रींना विचार. माझी मीटिंग आहे."

मला त्याचा रागच आला. याला कधी कशाचं काही पडलेलं नसतं, आणि नेमकं यालाच काहीतरी ठाऊक असतं. मी फोन ठेवला आणि पुन्हा खुर्चीच्या हातावर ठोकत बसले, आणि खुर्ची आपली भाबडेपणानं प्रत्येक ठोक्याला सूर देत राहिली.

साडेपाचला घरी आले. दुसरा मजला, जुना लाकडी जिना, वरच्या टप्प्यातली पाचवी पायरी. ती पायरी आमच्या लहानपणी निखळलेली होती, पाय पडला की एका बाजूनं उचलायची. एवढे मोठे मिस्त्री आणि घरच्या जिन्याची पायरी हलतेय, म्हणून सगळी इमारत त्यांना हसायची. बाबा वीस वर्षं "उद्या करतो" म्हणत राहिले. ते गेल्यावर घरमालकानं दोन खिळे मारून ती बसवून टाकली. तरी मी ती ओलांडतेच. पाय विसरत नाहीत. गेले काही आठवडे उजवा गुडघा त्या उडीला नको म्हणतो, पण सवय गुडघ्यापेक्षा मोठी आहे. दार बंद होतं. मी किल्लीनं उघडलं, आत गेले, आई टेबलापासून लांब, खिडकीच्या खुर्चीत भाजी निवडत पाठमोरी बसली होती. माझा हात तिच्या खांद्याला लागला आणि ती इतकी दचकली की परात सांडली.

"सांगून येत जा ग!" ती ओरडली.

मी खाली बसून शेंगा वेचू लागले. सांगून येत जा. बहिऱ्या माणसाला सांगून कसं यायचं? दोन महिने झाले, ती अशीच दचकत होती, आणि मी ते वयावर ढकलत होते. शेंगा वेचता वेचता माझा हात थांबला. दोन महिने. त्याआधी ती दचकायची नाही. त्याआधी मी किल्ली वापरत नव्हते. खरंच, माझ्या पर्सच्या तळाला ती किल्ली गंजत पडलेली असायची. शाळेतून यायचे तेव्हा, कॉलेजातून, दुकानातून, बाबा गेल्यानंतरच्या चार वर्षांतसुद्धा, मी शेवटच्या पायरीवर पोचायचे आणि दार उघडं असायचं. पूर्ण नाही, हातभर. मला कधी आश्चर्यही वाटलं नाही. घर म्हणजे ज्याचं दार आपण पोचलो की उघडं असतं, अशीच माझी समजूत होती. मी तिथेच जमिनीवर बसून तिच्याकडे बघितलं.

"आई," मी म्हणाले, आणि ती बघत नव्हती म्हणून तिच्या गुडघ्याला हात लावला. "मी येतेय हे तुला कसं कळायचं?"

तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "टेबलावरून," ती म्हणाली. "जिना त्याच्याखालीच तर संपतो. तुळई आहे ना तिथं. ह्यांनी शोधून काढली होती."

"रोज?"

"रोज. खालचा छापखाना सुरू झाला की दहा. नळाचा पंप लागला की चार. शेजारीण भांडली की कळतं, ती पाय आपटते." ती एकेक शेंग मोडत होती आणि सहज बोलत होती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. "तू मधल्या मजल्यावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतेस. तेही कळायचं. आता मेलं काही येत नाही त्याच्यातून. भिंतीवर हात ठेवल्यासारखं झालंय. सकाळी हात ठेवला तर एवढी सामसूम, मला वाटलं, खाली सगळी माणसं मेली की काय."

मी काढलेला कचरा ती एकेक करून माझ्यासमोर मांडत होती.

"आणि मग," ती म्हणाली, "त्या सामसुमीत तू आलीस. पळत. मी घाबरलेच. म्हटलं, ही तर समोर उभी आहे, हातात गाळणं घेऊन, मग जिन्यावर कोण आहे?"

"मी आले म्हणजे?"

तिनं परात बाजूला ठेवली आणि बोटाच्या पेरानं तिच्या कडेवर वाजवलं. टक टक, टक टक. बोट हवेत थांबलं. ठप्प. "तूच की," ती म्हणाली. "दोन-दोन पायऱ्या पळत यायचीस आणि मोडक्या पायरीवरून उडी. धाडकन. ह्यांनी तेच तुझं नाव पाडलं होतं टेबलावर. दादा म्हणजे पाय घासणं. तू म्हणजे हे. तू रुसून बसलीस की वाजवायचे, बाईसाहेब आज घरात आहेत, सांभाळ. मला हसू आवरायचं नाही." तिनं आठवणीनं आताही तोंडावर पदर घेतला. "पायरी नीट करत नव्हते ते काय उगीच? इतके लोक हसले. मला म्हणाले, ती नीट केली तर पोरीचं नाव बुजेल."

चाळीस वर्षं मी ज्या दाराबाहेर उभी होते ते दार माझ्याच नावाचं होतं. हे असं लिहिलं की छान वाटतं. तेव्हा छान वाटलं नाही. तेव्हा मला दहा-अकरा वर्षांच्या त्या कपाळकरंट्या पोरीचे कान उपटावेसे वाटले, आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं, आणि बाबांच्या नावानं मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की सांगायला काय झालं होतं, एकदा, एका शब्दात? पण शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. होतं ते त्यांनी रोज वाजवून सांगितलं होतं. मी सगळ्या वस्तूंच्या पोटात तारा घालून त्यांचा आवाज शोधत फिरत होते, आणि सापडला तो माझ्या चपलांचा.

मी ओंजळीतल्या शेंगा परातीत टाकल्या आणि टेबलाखाली शिरले. आधी वायर काढल्या. मग स्पीकर, मग चकत्या, मग नमद्याच्या पट्ट्या, ज्या मी इतक्या टापटिपीनं कापल्या होत्या. शेवटी टोप्या. त्यासाठी टेबल उचलावं लागणार होतं. आई न सांगता उठली आणि तिनं दुसरी बाजू धरली. सत्तरीची बाई, पण सुताराची बायको, कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे तिला माझ्यापेक्षा कळतं. जमिनीवर खडूच्या फुल्या कधीच पुसल्या होत्या, पण चार पायांनी चार खळगे पाडले होते. टेबल त्यात बसवलं आणि ते डुगडुगलं. तीन पाय टेकले, जिन्याकडचा टेकला नाही. मी कापताना चुकले होते. टोप्यांनी ते झाकलं होतं. नेमका तोच पाय. आईनं वाकून फटीत नख घालून बघितलं आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं बाबाच बघतायत. "करवत कुणी धरली होती?" तिनं विचारलं. मी अंगठ्यानं स्वतःकडे दाखवलं. ती आतल्या खोलीत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. त्यात बटणांखाली बाबांच्या पाचरी होत्या, मूठभर, पिवळ्या पडलेल्या. कधी ठेवल्या होत्या देव जाणे. तिनं तीन लावून बघितल्या, चौथी घातली आणि वरवंट्यानं दोन ठोके दिले. टेबल हललं नाही. पण पायाखाली आता मूळचं लाकूड नव्हतं, पाचर होती. आणि त्यातून काही वर येईल की नाही हे मला सांगता येत नव्हतं. माझ्याकडे मोजायची यंत्रं होती. ती काढावीशी वाटली नाहीत.

दालनवालीचा फोन त्याच वेळी आला. शनिवारी गाडी किती वाजता पाठवू, म्हणून. "टेबल यायचं नाही," मी म्हणाले. ती म्हणाली, अहो, मधोमध जागा ठेवलीय, दिवा सोडलाय, आमंत्रणावर टेबलाचाच फोटो आहे, असं कसं चालेल? तिचं बरोबरच होतं. मी तिची माफी मागितली, खुर्ची मधोमध ठेवा म्हटलं, आणि ती पुन्हा पुन्हा का, का विचारायला लागली तेव्हा म्हणाले, "ते कामावर आहे." याहून खरं मला काही सुचलं नाही. ती काय समजली कोण जाणे, पण तिनं फोन जरा रागानंच ठेवला.

"मी खाली जाऊन येते," मी आईला सांगितलं. "दही संपलंय." दही संपलं नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. ती टेबलाशी बसली. हात मात्र अजून मांडीवरच होता. मी निघाले, दार माझ्या मागे ओढून घेतलं, लॅच लागल्याचा आवाज ऐकला आणि सावकाश, चोरासारखी, पाय न वाजवता खाली उतरले. खाली छापखाना बंद होत होता. छापखान्यातला माणूस शटर ओढता ओढता म्हणाला, "काय ताई, काही राहिलं का?" मी म्हणाले, हो. मी खालच्या पायरीशी उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांची बाई, जिन्यात, दही न आणता. मला भीती वाटत होती. वर दार बंदच असेल तर मी काय करणार होते? पर्समधली किल्ली काढणार, उघडणार, ती दचकणार, आणि आम्ही दोघी काही न बोलता जेवणार, आज आणि रोज. मी साडी जरा वर खोचली आणि निघाले. दोन, दोन. कठड्याला धरलं नाही. पहिला मजला गेला. दम लागला. दोन, दोन. मधे थांबले नाही, पिशवी नव्हतीच. पाचव्या पायरीपाशी आले तेव्हा गुडघ्यानं मला शिव्या घातल्या, मी त्याला घातल्या, आणि उडी मारली. धाडकन. जिना हादरला. कुठेतरी शेजारचं दार उघडलं आणि बंद झालं.

आमचं दार हातभर उघडं होतं.

मी उंबऱ्याशी उभी राहून धापा टाकत होते. आई दार उघडून परत जाऊन बसलेली होती, तळवा फळीवर पालथा, डोळे मिटलेले, अजून काहीतरी येत असल्यासारखी. मग तिनं डोळे उघडले, आणि माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं.

"उजवा पाय उशिरा पडतोय," ती त्या शेजारच्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली. "गुडघा दुखतोय तुझा. कधीपासून?"

नाही ग, कुठे काय, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिचा हात टेबलावरच होता.

"दोन महिने झाले," मी म्हणाले.